दोन खाड्यांमधले तीर्थ

निर्मळ हे वसई तालुक्यातले जुने तीर्थक्षेत्र. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला उतरून सोपारा गाव मागे टाकले, की रस्ता वाड्यांमधून समुद्राच्या दिशेने जातो. दुतर्फा केळी, नारळ, पानवेलींचे मांडव, फुलझाडांचे वाफे, आणि आता त्यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या चार-सहा मजली इमारती. याच रस्त्यावर, थोड्या उंचवट्यावर निर्मळचे देवस्थान आहे. तिथे एका शंकराचार्यांची समाधी असून शेजारी विमल सरोवर आहे. कार्तिक वद्य एकादशीला येथे यात्रा भरते आणि पुढे आठवडाभर चालते.

पंढरपूर, नाशिक, नरसोबाची वाडी अशी मोठी तीर्थे नदीकाठी आहेत. निर्मळला दाराशी वाहणारी नदी नाही. तरीही या क्षेत्राचा सगळा इतिहास पाण्याच्या भेटीचाच आहे. उत्तरेला अर्नाळ्याजवळ वैतरणा समुद्राला मिळते, दक्षिणेला वसईच्या खाडीतून उल्हास नदीचे पाणी समुद्रात जाते. पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर. या दोन मुखांना आतून जोडणारी सोपाऱ्याची खाडी एके काळी जहाजे येण्याइतकी खोल होती, त्यामुळे वसईचा किनारपट्टा म्हणजे एक लांबट बेटच होते. गाळ साचत गेला, भातखाचरांसाठी आणि मिठागरांसाठी बांध घातले गेले, आणि बेट मुख्य भूमीला जोडले गेले. पावसाळ्यात पाणी तुंबते तेव्हा जुन्या खाडीची वाट अजूनही कळते. पाणी आपल्या जुन्याच जागा धरते.

तिन्ही बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोड पाण्याची तळी, ही या भूमीची मूळ रचना. निर्मळचे तीर्थपण समजून घ्यायचे तर देवळाआधी या रचनेकडे पाहावे लागते.

त्र्यंबकच्या पाठीमागून निघालेली नदी

वैतरणा नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते. त्याच डोंगरांतून गोदावरी निघते आणि पूर्वेकडे बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. वैतरणा मात्र घाट उतरून पश्चिमेला वळते. वाटेत पिंजाळ, देहरजी, सूर्या, तानसा या नद्या तिला मिळतात. तानसेच्या काठी वज्रेश्वरी आणि गणेशपुरी, तिथली गरम पाण्याची कुंडे. पुढे सपाटीवर आल्यावर भरती-ओहोटीचे पाणी नदीत शिरते आणि अर्नाळ्याला तिचे मुख रुंद होते. गोदावरीशी असलेल्या या शेजारामुळे वैतरणेलाही पावित्र्य लाभले. महाभारतातल्या तीर्थयात्रेत येणारी वैतरणी कलिंग देशातली आहे, आणि गरुडपुराणातली वैतरणी तर यमलोकाच्या वाटेवरची. कोकणातल्या माणसाने या दोन्हींचा धाक आणि आदर आपल्या दाराशी असलेल्या नदीला दिला. मरणोत्तर विधींत वैतरणी ओलांडण्यासाठी गोदान सांगितले आहे. ज्या मुलखात त्याच नावाची नदी खरोखर वाहते, तिथे त्या दानाला वेगळेच वजन येते.

मुखाशी अर्नाळ्याचा किल्ला आहे. तो बेटावर असल्याने होडीने जावे लागते. किल्ल्याच्या आत त्र्यंबकेश्वराचे मंदिर आणि त्याच्यासमोर अष्टकोनी तळे आहे. नदी निघते त्र्यंबकेश्वराच्या डोंगरातून आणि समुद्राला मिळते तिथेही त्र्यंबकेश्वर आहे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर विहिरींना गोडे पाणी आहे आणि कोळी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या त्यावर राहते आहे.

परशुरामाला मिळालेली जमीन

या प्रदेशाचे प्राचीन नाव शूर्पारक. महाभारताच्या वनपर्वात पांडव तीर्थयात्रा करत शूर्पारकाला येतात, जमदग्निपुत्राची वेदी पाहतात आणि मग प्रभासाकडे जातात. परशुराम या किनाऱ्यावर का आला, याचे कारण शांतिपर्वात सांगितले आहे. परशुरामाने सगळी पृथ्वी कश्यपाला दान केली. दान दिलेल्या भूमीवर राहायचे नाही म्हणून कश्यपाने त्याला दक्षिण समुद्राकडे जायला सांगितले, आणि समुद्राने त्याच्यासाठी शूर्पारक देश मोकळा केला. गाळाने आणि वाळूने वाढत गेलेल्या किनाऱ्यावर ही कथा रुजावी हे सहज आहे. इथली जमीन समुद्राकडून मिळालेली आहे, ही गोष्ट वाडीत खड्डा खणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. थोडे खाली गेले की वाळू आणि शिंपले लागतात.

निर्मळची स्थानिक कथा याच परशुरामाची आहे. विमल नावाचा असुर शिवभक्त होता आणि त्याला वर मिळाला होता. तो ऋषींच्या यज्ञांत विघ्ने आणी. परशुरामाने त्याच्याशी युद्ध मांडले, पण त्याचे अवयव तोडले तरी वराच्या बळावर ते पुन्हा जुळत. अखेर शंकराच्याच साहाय्याने परशुरामाने त्याचा वध केला. असुराला शेवटी उद्धार मिळाला आणि त्याचे नाव सरोवराला राहिले. पूर्वेच्या डोंगरावरचे तुंगारेश्वराचे शिवस्थानही याच कथाचक्रात येते. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, तरी वैऱ्याचे नाव तीर्थाला कायम ठेवण्याची उदारता सगळ्यांच्या सांगण्यात आहे.

बत्तीस हजार नारळ

सोपारा मोठे बंदर होते, आणि बंदराला यात्रेकरू व्यापाऱ्यांच्याच जहाजांतून आणि तरींतून येत. याचा उत्तम पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग म्हणजे सोपारा येथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली. पारडा, दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर तरी फुकट केल्या आणि दोन्ही काठांवर लोकांना बसायला जागा व पाणपोया केल्या. नानंगोल गावातली ३२,००० नारळाची झाडे त्याने चरक तपस्व्यांच्या परिषदांना दिली. त्यांपैकी एक परिषद शोर्पारगाच्या रामतीर्थावर होती.

हा शिलालेख म्हणजे तीर्थयात्रा चालते कशी याचा हिशेबच आहे. भरुचहून किनाऱ्याने दक्षिणेला निघालेल्या माणसाला वाटेत नद्यांची मुखे आडवी येतात. प्रत्येक मुखाशी तर लागते, तरवाला पैसे मागतो, भरती येईपर्यंत थांबावे लागते. थांबायला सावली हवी, प्यायला गोडे पाणी हवे, रात्र पडली तर छप्पर हवे. उषवदाताने नेमके हेच पुरवले. नारळाच्या उत्पन्नावर तपस्व्यांचे पोट चालावे ही सोयही अस्सल किनाऱ्यावरची आहे. आज देवस्थानाला कोणी पाण्याची टाकी बांधून देतो किंवा यात्रेकरूंसाठी सावलीचा मांडव घालून देतो, तेव्हा तो दोन हजार वर्षांची रीतच पाळत असतो.

शूर्पारक एकाच धर्माचे तीर्थ कधीच नव्हते. अशोकाच्या शिलाशासनाचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना भातेला तलावाजवळ सापडला. आणखी एक १९५६ साली जवळच्या भुईगावात मिळाला. याच १८८२ साली भगवानलालांनी सोपाऱ्यातला ‘बुरूड राजाचा कोट’ नावाने ओळखला जाणारा उंचवटा खणला. तो स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत एकात एक बसवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक, सोन्याची फुले, बुद्धांच्या आठ लहान मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असे भगवानलालांचे मत होते. सोन्यात जपून ठेवलेली खापरे पाहिली की त्या काळच्या श्रद्धेची जात समजते. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. जैन परंपरेतही सोपारक हे तीर्थ म्हणून येते. शिलाहारांच्या काळात बंदर चालूच होते. १०९४ सालच्या अनंतदेवाच्या खारेपाटण ताम्रपटात श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली या बंदरांवर दोघा व्यापाऱ्यांना जकात माफ केल्याची नोंद आहे. सोपाऱ्याच्या चक्रेश्वर मंदिरातली ब्रह्मदेवाची पुरुषभर उंचीची मूर्ती त्या काळच्या वैभवाची साक्ष आहे. १३२१च्या सुमारास ठाण्यात मारल्या गेलेल्या चार ख्रिस्ती संन्याशांचे देह फ्रायर जॉर्डेनस याने सोपाऱ्याला आणून पुरले, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षे आधी इथे ख्रिस्ती वस्तीही होती.

मोडणे आणि पुन्हा उभे राहणे

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत वसई प्रांतातली देवळे पाडली गेली, निर्मळचे शिवस्थानही त्यातून सुटले नाही. किनारपट्टीतल्या अनेक जाती पूर्णपणे किंवा अर्ध्या ख्रिस्ती झाल्या. निर्मळ, गास, वाघोली, भुईगाव या पट्ट्यात आजही सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी म्हणतात, शेजारी शेजारी राहतात. दोघांची बोली कादोडी, दोघांच्या वाड्या सारख्या आणि पुष्कळदा बांधही एकच.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पाच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला. वसई प्रांताचा कारभार शंकराजी केशव फडके यांच्याकडे आला. अर्नाळ्याचे बेट त्याच्या दोन वर्षे आधी मराठ्यांनी घेतले होते, त्या कामातही शंकराजी होते. सुभेदार म्हणून त्यांनी प्रांताची मोडलेली तीर्थे पुन्हा चालू करण्याचे काम मनावर घेतले. वज्रेश्वरीला चिमाजी अप्पांच्या नवसाप्रमाणे मंदिर उभे राहिले आणि निर्मळचे क्षेत्र सावरले गेले.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. देऊळ पाडता येते, मूर्ती फोडता येते, पण तळे पाडता येत नाही. दोनशे वर्षे पूजा बंद राहिली तरी विमल सरोवर पावसाळ्यात भरतच राहिले, गुरे तिथे पाणी पीत राहिली आणि बायका घागरी भरत राहिल्या. मराठे आले तेव्हा तीर्थाची जागा शोधत बसावे लागले नाही. पाण्याने ती धरून ठेवली होती.

एकादशीचा दिवस

कार्तिक वद्य एकादशी दिवाळीच्या अमावास्येनंतर सव्वीसाव्या दिवसाच्या आसपास येते. आळंदीला ज्ञानेश्वर माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा चालू असतो, त्याच दिवसांत निर्मळची यात्रा भरते. तोवर भाताची कापणी उरकलेली असते, झोडणी संपत आलेली असते आणि शेतकऱ्याच्या हातात वर्षातले पहिले रोख पैसे आलेले असतात. पाऊस पूर्ण गेलेला असतो, रस्ते सुकलेले असतात आणि सकाळी थोडी थंडी पडू लागते. गावोगावच्या यात्रा पिकांच्या गणिताशी जोडलेल्या असतात, ही त्याला अपवाद नाही.

पहाटेपासून रांग लागते. समाधीचे दर्शन, बेल-फूल, नारळ, प्रदक्षिणा, आणि तळ्याच्या पाण्याने हातपाय धुणे किंवा नुसते पाणी डोळ्यांना लावणे असा साधा क्रम असतो. पूर्वी तळ्यात बुडी मारून मगच वर जाण्याचा प्रघात होता. आता बुडी मारणारे कमी आणि ओंजळीवर भागवणारे जास्त. म्हाताऱ्या माणसांना पायऱ्यांवर हात देऊन चढवणारी तरुण पोरे असतात, आणि मागून येणाऱ्या लेकुरवाळ्यांना आधी वाट करून देतात. उपासाचा दिवस असल्याने सकाळी केळी, रताळी, शेंगदाणे यांची विक्री जास्त होते. खमंग वासाच्या गाड्यांचा धंदा दुसऱ्या दिवसापासून चढतो.

देवळापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने लागतात. खाजा, शेव, जिलबी, गुळाची मिठाई. पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडी. पाटे-वरवंटे, कोयते, विळे, कुदळी. बांगड्या, खेळणी, चादरी. वाडीत काम करणारा माणूस इथे कोयत्याचे पाते नखावर घासून पाहतो, कानाशी धरून टिचकी मारतो आणि आवाजावरून पोलाद ओळखतो. मोकळ्या शेतात आकाशपाळणे उभे राहतात. भात कापलेली खाचरे तेवढ्या दिवसांसाठी दुकानदारांना भाड्याने जातात, आणि यात्रा उठली की त्याच खाचरांत वाल किंवा हरभरा टाकला जातो. त्यामुळे यात्रेची जागा दर वर्षी थोडी इकडेतिकडे सरकते. ज्या वर्षी एखाद्या शेतात इमारत उभी राहिली, त्या वर्षी तेवढी दुकाने पुढे जातात.

गर्दीत कपाळी गंध लावलेले असतात तसेच गळ्यात क्रूस घातलेलेही असतात. लाल लुगडे नेसलेली कुपारी आजी नातवंडाला घेऊन खाजा घेताना दिसते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर तयार केले, त्यातही या यात्रेला सर्व धर्मांचे लोक येतात असे नोंदवले आहे. ख्रिस्ती घरांतून यात्रेला जाणे म्हणजे बाजारहाट आणि पाहुण्यांची भेट. लेकीसुना माहेरी येतात, घरोघर जेवणावळी होतात. ज्या पाण्यावर दोघांच्या वाड्या पिकतात, त्याच्या काठची यात्रा दोघांची असणार, यात नवल नाही.

सुकेळी

या यात्रेची खास खरेदी सुकेळीची. वसईच्या वाड्यांत बसराई, वेलची, तांबडी, मुठेळी, भुरकेळी अशी केळ्यांची कितीतरी वाणे होती. सुकेळीला मात्र राजेळीच लागते. राजेळीचे फळ लांब, जाड, तीन धारांचे आणि गराला चिवट. ते नुसते खाण्यापेक्षा शिजवून किंवा सुकवून चांगले लागते.

घड झाडावर पूर्ण पोसू द्यावा लागतो. तो उतरवून भाताच्या पेंढ्यात दडपून पिकवतात. सालीवर काळे ठिपके येऊन फळ मऊ पडले, की साल काढायची. गर तुटता कामा नये. मग बांबू आणि बोरूच्या उंच माचीवर ही सोललेली केळी एकमेकांना चिकटणार नाहीत अशी उन्हात मांडायची. माच उंच का, तर खालून वारा फिरावा आणि धूळ बसू नये म्हणून. सूर्य कलला की सगळी केळी गोळा करून केळीच्या वाळल्या पानांत गुंडाळून, वर चटई टाकून रात्रभर दडपून ठेवायची. रात्री आतला ओलावा बाहेर येतो, पृष्ठभाग पुन्हा मऊ पडतो आणि दुसऱ्या दिवशीचे ऊन आतपर्यंत लागते. हे पांघरणे चुकले तर वरून कडक आणि आतून ओले असे फळ होते, आणि ते टिकत नाही. असे सात-आठ दिवस केले की केळ्याचा रंग आधी मधासारखा आणि मग तांबूस-काळपट होतो. गर आवळून येतो आणि गोडी दाटते. त्यात साखर घालत नाहीत, तळतही नाहीत. शेवटी वाळल्या पानांतच पुडे बांधतात. त्या पानाचा वास सुकेळीला लागतो आणि तोच खऱ्या मालाची खूण मानला जातो.

या कामाला कोरडे ऊन, थंड रात्र आणि न ढळणारे लक्ष लागते. अवेळी पावसाची एक सर आली तर माचीवरचा सगळा माल बुरशीला जातो. आगाशी आणि आसपासच्या गावांत पूर्वी बरीच घरे सुकेळी करत. आता मोजकीच उरली आहेत. राजेळीची लागवड घटली, घड पोसायला लागणारा वेळ परवडेना, आणि मुले नोकरीसाठी सकाळची लोकल धरू लागली. उरलेल्या घरांना किंमत चांगली मिळावी आणि राजेळीच्या लावणीला पालिकेने किंवा शेतीखात्याने हात द्यावा, एवढे तरी व्हायलाच हवे. एकदा हाताची सवय गेली की पुस्तकातून ती परत येत नाही.

बावखले

राजेळी असो की पानवेल, वाडीला बारमाही गोडे पाणी लागते, आणि समुद्र तर मैल-दोन मैलांवर. हे कोडे वसईच्या लोकांनी बावखलांनी सोडवले. बावखल म्हणजे वाडीत खणलेले लहान तळे. काही गुंठ्याभराची, काही त्याहून मोठी; काठ उतरते, एका बाजूला पाण्यापर्यंत जाण्याची वाट. पावसाचे पाणी त्यात साठते आणि वाळूमिश्रित जमिनीतून हळूहळू खाली मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर थर धरून तरंगते. जितके जास्त मुरेल तितका हा थर जाड, आणि तितके समुद्राचे पाणी मागे रेटले जाते. थर पातळ झाला की विहिरीला आधी मचूळ आणि मग खारे पाणी लागते.

पूर्वी विहिरीवर आणि बावखलावर रहाट असे. बैल किंवा रेडा गोल फिरे, माळेवरचे मातीचे लोटे भरून वर येत आणि पन्हळीत रिकामे होत. तिथून पाटाने पाणी केळीच्या बुंध्याशी जाई. रहाटाचा एक गुण होता. तो सावकाश पाणी काढतो. जेवढे काढले तेवढे झिरपून भरून यायला अवधी मिळतो. विजेचे पंप आले तसा हा तोल गेला. पुढे मुंबईची उपनगरे विरारपर्यंत वाढली, इमारतींना पाणी कमी पडू लागले आणि वाड्यांतल्या विहिरींवर टँकर लागले. कित्येक गावांतल्या विहिरी त्यामुळे खाऱ्या झाल्या. १९८०च्या दशकाअखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. तिचा मुख्य मुद्दा हा पाण्याचाच होता. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादरांकडे आले.

विमल सरोवर हे याच व्यवस्थेतले थोरले बावखल आहे. निर्मळ, गास, वाघोलीच्या विहिरींना पाणी लागते त्यात अशा प्रत्येक तळ्याचा वाटा असतो. तळे पवित्र मानले गेले म्हणून त्यात भराव पडला नाही. वाडीतली साधी बावखले मात्र एकामागून एक बुजली, कारण कागदावर ती पडीक खड्डा म्हणून दिसतात आणि बुजवली की प्लॉट होतो. बावखले वाचवण्यासाठी आता गावकरी पुढे आले आहेत. ते गाळ काढतात, नोंदी करतात, शाळेच्या मुलांना दाखवायला नेतात. हे काम एखाद्या जीर्णोद्धाराइतकेच मोलाचे आहे.

नदीचे पाणी जाते कुठे

वैतरणेचे पाणी आज मुख्यतः मुंबई पिते. तिच्या खोऱ्यात तानसा धरण १८९२ साली झाले, मोडकसागर १९५७ साली, त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. मोठ्या नळांतून हे पाणी महानगरात जाते. वसई-विरारला पाणी पुरते ते बहुतेक सूर्या प्रकल्पातून, म्हणजे वैतरणेच्याच उपनदीतून. पावसाळ्यानंतर नदीतून वाहून येणारे गोडे पाणी धरणांमुळे घटते आणि भरतीचे खारे पाणी पूर्वीपेक्षा वर चढते. रेतीच्या उपशाने पात्र खोल झाले, त्यामुळे त्याला आणखी वाट मिळते. काठच्या भातशेतीला आणि खाडीतल्या मासळीला याचा फटका बसतो.

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली; २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. पश्चिम पट्ट्यातल्या गावांनी महापालिकेत जायला विरोध केला आणि २९ गावे वगळावीत यासाठी मोठे आंदोलन झाले. त्या विरोधाच्या मुळाशीही वाड्या, विहिरी आणि तळी टिकतील का हाच प्रश्न होता.

या नव्या शहराची स्वतःची यात्रास्थाने आहेत. विरारच्या डोंगरावर जीवदानी देवी, तिथे १,३०० हून अधिक पायऱ्या चढून नवरात्रात लाखो लोक जातात; तुंगारेश्वराला श्रावणात आणि महाशिवरात्रीला गर्दी होते, आणि तो सगळा डोंगर २००३पासून अभयारण्य आहे. नालासोपाऱ्याच्या चाळीत नव्याने राहायला आलेले कुटुंब आधी जीवदानीला जाते. निर्मळ त्याला पुष्कळदा रिक्षावाल्याकडून कळते, किंवा यात्रेच्या दिवसांत रस्ता बंद असल्याच्या पाटीवरून.

यात्रेच्या तयारीत तळ्याचे काम सगळ्यांत आधी घ्यावे लागते. गाळ काढायचा तर तो वैशाखात, पाणी तळाशी गेलेले असताना. गणपतीत विसर्जन झालेल्या मूर्तींची माती आणि निर्माल्य आश्विनात बाहेर काढावे लागते. भोवतालच्या उतारावरून पावसाचे पाणी तळ्यात येण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात आणि सांडपाण्याची गटारे त्या वाटांपासून वेगळी ठेवावी लागतात. रस्ता उंच झाला किंवा एखाद्या प्लॉटवर भराव पडला, तर पाण्याची वाट बदलते. म्हणून या वाटा आणि आसपासची उरलेली बावखले विकास आराखड्याच्या नकाशावर सर्व्हे क्रमांकासह दाखवली जावीत, अशी गावकऱ्यांची अपेक्षा आहे. नकाशावर आलेले पाणी बुजवायला परवानगी घ्यावी लागते, न आलेले पाणी एका रात्रीत दोन डंपर मातीने बुजवता येते.